वैनगंगेपूर्वीची नदी

वडशाच्या मंडळींना रात्र रात्र जागून नाटक पाहण्याची सवय आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे जे माहेरघर, त्या गावात रेती आणि दगड यांच्यावर तासभर बोलायला उभे राहणे हे धाडस आहे, याची आम्हांला कल्पना आहे. तरी हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. आमचा पेशा कामगार संघटनेचा. भूगर्भशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही; शाळाही वेळेआधीच सुटली. परंतु कामगारांच्या गाऱ्हाण्यांसाठी कोळशाच्या खाणीत उतरता उतरता डोक्यावरच्या दगडाकडे पाहण्याची खोड लागली, आणि त्या दगडाने एक प्रश्न असा पुढे टाकला की त्याच्या उत्तरासाठी आम्हांला पुष्कळ पुस्तके धुंडाळावी लागली. प्रश्न साधा होता. हा दगड रेतीचा आहे. रेती नदीने आणली. मग ती नदी कोणती, आणि ती कुठून कुठे जात होती?

उत्तर आधीच सांगून टाकतो; रहस्य राखून ठेवण्याची कला नाटककारांना शोभते. आज आपल्या भागातले सारे पाणी दक्षिणेकडे जाते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाट-भंडाऱ्याकडून उतरते, वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामधून निघते, पुढे चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते, आणि सिरोंचापाशी गोदावरीत शिरून आग्नेयेला बंगालच्या उपसागराची वाट धरते. पण चंद्रपूरचा कोळसा आणि त्याच्यावरचा वाळूचा खडक ज्या नद्यांनी घातला, त्या याच्या नेमक्या उलट, उत्तरेकडे आणि वायव्येकडे वाहत होत्या. हे पाहायला तेव्हा कोणी माणूस नव्हता. त्याच्या जन्माला अजून पंचवीस-तीस कोटी वर्षे अवकाश होता. मग हे ठरले कशावरून?

याची सुरुवात आपल्या घाटावरच करता येते. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले म्हणजे मूठभर रेती उचलून तळहातावर पसरा. पांढरे, काचेसारखे कण दिसतात ते गारेचे. त्यांत गुलाबी, मातकट कण असतात ते फेल्डस्पारचे, म्हणजे ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीच्या जुन्या खडकांतून निघालेले. चमचमते ते अभ्रक. आणि मधूनच काळ्या दगडाचे गुळगुळीत तुकडे सापडतात. वडशाच्या आसपास काळ्या पाषाणाचे पठार नाही. ते आहे वर शिवनीकडे. म्हणजे तो तुकडा वैनगंगेने तिकडून वाहून आणला. धानाच्या व्यापाऱ्याला मूठभर धान दाखवले की तो ते कोणत्या बाजूच्या शेतातले हे सांगतो, तसेच हे. रेतीच्या प्रत्येक कणाला गाव असते, आणि त्या गावाचे नाव त्याच्या अंगावरून वाचता येते.

फेल्डस्पारचा कण आणखी एक गोष्ट सांगतो. गार चिवट असते, ती शेकडो कोस वाहिली तरी गारच राहते. फेल्डस्पार मात्र दमट उष्ण हवेत फार काळ पडला की कुजून त्याची चिकणमाती होते. तेव्हा एखाद्या जुन्या खडकात ताजा फेल्डस्पार भरपूर सापडला, तर समजावे की डोंगर जवळ होता, किंवा हवा थंड होती, किंवा पाण्याने माल घाईघाईने आणून टाकला. चंद्रपूरच्या कोळशाबरोबरचा पांढुरका वाळूचा खडक असा फेल्डस्पारने भरलेला आहे.

हे झाले मालावरून मूळगाव ओळखणे. दिशा ओळखण्याची रीत निराळी आहे, आणि आमच्या मते अधिक सुंदर. रेती काढलेल्या एखाद्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीकडे नीट पाहा. ढोबळमानाने थर आडवे असतात, पण एकेका थराच्या आत बारीक बारीक रेघा तिरप्या गेलेल्या दिसतात. त्या अशा होतात. नदीच्या तळाशी रेती लाटांच्या रूपाने पुढे सरकते. पाणी रेतीचा कण लाटेच्या सौम्य चढावरून वर लोटते. माथ्यावर पोचला की तो पलीकडच्या तीव्र उतारावरून खाली घसरतो. एक कण, मग दुसरा, मग तिसरा. लाट अशी कणाकणाने पुढे जाते आणि तिच्या पुढच्या उताराच्या खुणा मागे राहतात. म्हणून ह्या तिरप्या रेघांचा उतार नेहमी पाणी जिकडे जात होते तिकडे असतो. रेतीचा खडक बनला, कोट्यवधी वर्षे लोटली, नदी नाहीशी झाली, तरी तो उतार खडकात तसाच राहतो. होकायंत्र आणि उतार मोजण्याचे साधन घेऊन गेले की तो मोजता येतो. गोट्यांचा थर असेल तर याहून सोपी खूण आहे. पाण्याने लोटलेले चपटे गोटे एकमेकांवर कौलांसारखे रेलून बसतात, आणि त्यांचा कल वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून आले तिकडे असतो.

हे प्रथम पद्धतशीर वाचणारा हेन्री सॉर्बी हा इंग्लंडमधल्या शेफील्डचा गृहस्थ. १८२६ सालचा जन्म. घरची मिळकत होती. विद्यापीठातली नोकरी त्याने कधी केली नाही, आपल्या घरीच प्रयोग केले. १८५० नंतरच्या दशकात यॉर्कशरच्या वाळूच्या खडकांतले हे तिरपे थर मोजून तो त्या खडकांची नदी कोणत्या बाजूने आली हे सांगू लागला. ज्याला कोणी शिकवले नाही त्याने आपल्या डोळ्यांनी शिकावे, याचा हा दाखला आम्हांला फार आवडतो. अर्थात सॉर्बीला पोटाची चिंता नव्हती, हेही खरे.

येथे एक सावधगिरी हवी. एका ठिकाणचा उतार मोजून नदीची दिशा जाहीर करणारा माणूस फसतो. मार्कंड्याला शिवरात्रीच्या यात्रेला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. तेथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. म्हणूनच त्या क्षेत्राचे माहात्म्य. समजा, कोट्यवधी वर्षांनंतर कोणी अभ्यासक आला आणि त्याने फक्त मार्कंड्याच्या रेतीतले तिरपे थर मोजले, तर तो खुशाल लिहील की वैनगंगा नावाची नदी हिमालयाकडे जात होती! नदी वळते, फाटे फोडते, पुरात एक वाट धरते आणि ओसरताना दुसरी. म्हणून शेकडो ठिकाणी मोजावे लागते आणि मग बहुमत पाहावे लागते. संपाच्या आधी एकाच माणसाला विचारून कामगारांचे मत ठरवता येत नाही. गेटावरच्या सभेत हात मोजावे लागतात. हे शास्त्र थोडेबहुत तसेच आहे.

आता वडशाहून नैर्ऋत्येला चंद्रपूरकडे जाऊ. कारण आपल्या पायाखाली जो खडक आहे तो फार जुना, पट्ट्यापट्ट्यांचा, भट्टीतून निघालेला. त्यात नदीचा हिशेब मिळत नाही. तो मिळतो वर्धेच्या खोऱ्यात. तेथून सिरोंच्यापर्यंत आणि पुढे गोदावरीच्या काठाने आंध्र-तेलंगणाकडे जमिनीची एक लांबट पट्टी फार पूर्वी खचली. दोन्ही बाजूंना भेगा पडून मधला भाग हळूहळू खाली बसत गेला, आणि जसजसा तो बसला तसतशा नद्या त्यात गाळ भरीत गेल्या. हेच ते गोंडवन थर. चांद्याच्या आणि गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा जो मुलूख, त्यावरून भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या हेन्री मेडलिकॉट याने १८७२ मध्ये हे नाव दिले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडवर्ड झ्यूस याने तेच नाव उचलून भारत, आफ्रिका आणि त्यांच्या सोबतीचे भूभाग मिळून झालेल्या प्राचीन भूखंडाला लावले. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात जा, गोंडवन हा शब्द ऐकू येतो. आणि कोरचीचा किंवा धानोऱ्याचा गोंड मुलगा खाणीत उतरतो तेव्हा तो आपल्याच नावाच्या खडकाखाली काम करतो आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही गोष्ट आम्हांला अनेक वर्षे खुपत आली आहे. असो.

ह्या थरांचा अगदी तळ चंद्रपूरच्या पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरांवर इरईजवळ उघडा आहे, आणि तो पाहणाऱ्याला क्षणभर विश्वास बसत नाही. खाली चुनखडक, त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे. वर बारीक मातीत रुतलेले लहानमोठे धोंडे, काही माणसाच्या उंचीचे. पाणी असा माल टाकीत नाही. पाणी मोठे धोंडे आधी टाकते, रेती मग, चिकणमाती सर्वांत शेवटी, निवडल्यासारखे. सगळे एकत्र कालवून टाकते ते बर्फ. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी ओरिसातल्या तालचेरला असाच थर पाहून हे बर्फाचे काम असावे असे म्हटले होते. लोकांनी ते सहज मानले नाही. भर उष्ण कटिबंधात बर्फ! मग फ्रान्सिस फेडन याने इरईच्या ओरखडलेल्या चुनखडकाचे वर्णन १८७५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि शंकेला फारशी जागा उरली नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, मे महिन्यात ४७ अंशांवर तापणाऱ्या आमच्या चंद्रपूरवर हिमनद्या सरकत होत्या. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, हे त्याचे कारण. ते समजायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

बर्फ वितळले. वितळलेल्या पाण्याच्या नद्या खचलेल्या पट्टीत शिरल्या. त्यांच्या काठच्या सखल भागांत दलदली झाल्या, दलदलींत जंगल वाढले, पडले, पुन्हा वाढले, आणि पाण्याखाली न कुजता साचत गेले. तोच आमचा कोळसा. म्हणून खाणीत उतरताना जो क्रम लागतो तो पुन्हा पुन्हा तोच असतो: जाड रेतीचा खडक, वर बारीक रेती, वर काळसर मातीचा पापुद्र्यांचा खडक, वर कोळसा, आणि त्यावर पुन्हा जाड रेती. नदी आली, सरकली, दलदल झाली. नदी परत आली. हा हिशेब तिने कित्येकदा केला आहे. कोळशाच्या वर लालसर-पिवळा वाळूचा खडक येतो. त्याला नागपूरजवळच्या कामठीचे नाव आहे. नागपूरला १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्या बाजूचे खडक आणि त्यांतले अवशेष गोळा केले. मांगलीच्या दगडखाणीत मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्याच प्रयत्नाने विलायतेला गेली, आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन केले. हिस्लॉप १८६३ मध्ये बोरीजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले. नद्यांनी घातलेले खडक वाचणारा माणूस नदीनेच न्यावा, हे दुःखद आहे.

ह्या सगळ्या मंडळींनी थर ओळखले, त्यांचा क्रम लावला, नावे दिली. सरकारला आणि रेल्वेला कोळसा हवा होता, आणि वरोऱ्याची सरकारी खाण त्यातूनच निघाली. पण नदी कोणत्या बाजूला जात होती याची विचारपूस त्यांनी विशेष केली नाही. ती झाली स्वातंत्र्यानंतर. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावून १९५७ मध्ये भूगर्भ संशोधनाची शाखा सुरू केली. आकडेशास्त्राच्या संस्थेत दगडांचे काय काम, असे कोणीही विचारील. पण आम्ही वर सांगितले, हे काम बहुमत मोजण्याचे आहे, तेव्हा ती जागा योग्यच होती. त्या संस्थेतले सुप्रिय सेनगुप्ता यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या भीमारमच्या परिसरात हिंडून वाळूच्या खडकांतले तिरपे थर मोजले आणि १९७० मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. निघालेले उत्तर असे की गोंडवन काळातल्या नद्या सामान्यतः उत्तरेकडे आणि वायव्येकडे वाहत होत्या. आजची गोदावरी ह्याच खोऱ्यातून जाते, तीच जमीन तुडवते, पण तोंड उलट्या दिशेला करून.

ह्यावर पहिली शंका सर्वांना येते तीच आम्हांलाही आली. नदी आग्नेयेकडून येत होती म्हणता. पण आग्नेयेला समुद्र आहे. समुद्रातून नदी कशी निघेल? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर म्हणजे ह्या सगळ्या कथेचा गाभा होय. तेव्हा तेथे समुद्र नव्हता. भारताच्या पूर्व किनाऱ्याला अंटार्क्टिका चिकटून होती.

ह्याचा पुरावा देताना आम्हांला स्कॉट नावाच्या कप्तानाची आठवण होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना तो आणि त्याचे सोबती १९१२ च्या मार्चमध्ये तंबूत गारठून मेले. नोव्हेंबरमध्ये शोधायला गेलेल्यांना प्रेतांपाशी सुमारे ३५ पौंड दगड सापडले. अन्न संपले, पाय सडले, तरी त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची पाने होती. तीच पाने आमच्या चंद्रपूरच्या कोळशाच्या सोबतीला, काळ्या पापुद्र्यांच्या खडकात मिळतात. खाणीतून निघालेल्या ढिगावर जरा बसून दगड फोडला तर मधली शीर आणि जाळीदार नसा स्पष्ट दिसतात. अंटार्क्टिकातल्या प्रिन्स चार्ल्स पर्वतातही असाच कोळसा आणि अशीच पाने आहेत. एवढे जड बी समुद्र ओलांडून गेले असे म्हणण्यापेक्षा जमीनच सलग होती असे म्हणणे सोपे आहे.

तरीही पानांवरून जमीन सलग होती एवढेच कळते. रेती तिकडून आली हे कळत नाही. त्याचा पुरावा अलीकडचा, आणि तो रेतीच्या एका क्षुल्लक कणाचा. झिरकॉन नावाचे एक खनिज ग्रॅनाइटसारख्या खडकांत अगदी बारीक कणांनी असते. ते गारेहूनही चिवट. डोंगर झिजतो, रेती होते, रेतीचा खडक होतो, तोही झिजून पुन्हा रेती होते. झिरकॉन तसाच्या तसा. त्याच्या पोटात जन्मतःच थोडे युरेनियम असते, आणि ते ठरलेल्या गतीने शिशात बदलत जाते. युरेनियमच्या मुख्य जातीचा अर्धा साठा शिसे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. तेव्हा कणातले युरेनियम किती आणि शिसे किती हे मोजले की कणाचे वय निघते. म्हणजे रेतीच्या कणाजवळ नुसते गावाचे नाव नव्हे, जन्माचा दाखलाही असतो. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन व्हीव्हर्स आणि त्यांचे सहकारी सईद यांनी महानदी आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यांतल्या गोंडवन खडकांचे झिरकॉन असे तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. एक अब्ज वर्षांच्या आसपासचे कण आणि पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचे कण त्या रेतीत आहेत. एक अब्ज वर्षांचे खडक पूर्व घाटात आहेत, आणि त्यांचाच पुढचा तुकडा अंटार्क्टिकेत आहे. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीच्या खुणाही तिकडे ठळक आहेत. दगडातल्या तिरप्या रेघांनी जी दिशा दाखवली होती, तिच्याच टोकाला ही मूळगावे निघाली. दोन साक्षीदार, एकमेकांना कधी न भेटलेले, आणि साक्ष एकच.

थोडक्यात, आज ज्या बाजूला नदी आपले पाणी नेते, त्या बाजूला तेव्हा उंच प्रदेश होता. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकेपासून सुटला, मधे समुद्र शिरला, आणि जे नदीचे माहेर होते ते तिचे सासर झाले. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेला लाव्ह्याचे थरावर थर साचले. पश्चिमेची कड उंच राहिली आणि पाण्याचा कल पूर्वेकडे पक्का झाला. नदीची दिशा ही देवाने आखून दिलेली रेघ आहे अशी आपली समजूत असते. ती जमिनीच्या उंचसखलपणावर अवलंबून, आणि जमीन कोणाचीच कायमची बांधील नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट सिरोंच्याच्या लोकांसाठी सांगितली पाहिजे. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तेथल्या चुनखडकातले मासे १८५१ पासून जगाला माहीत आहेत. त्याच थरांत, पोचमपल्लीजवळ, सांख्यिकी संस्थेच्या मंडळींना एका प्रचंड शाकाहारी प्राण्याची सुमारे ३०० हाडे मिळाली, निदान सहा प्राण्यांची, मोठमोठ्या झाडांच्या खोडांबरोबर मिसळलेली. ती नदीच्या पुरातच एकत्र आली असावीत. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून १९७५ मध्ये त्याचे नाव बरापासॉरस टागोराय असे ठेवले. सांगाडा आज कलकत्त्यात उभा आहे. खोडे मात्र वडधमला, सिरोंच्याच्या रस्त्यावर, दगड होऊन पडलेली आहेत आणि पाहायला मिळतात. ज्याने ती पाहिली नाहीत त्याने एक सुट्टी खर्च करावी.

आता ह्या सगळ्याचा आणि कामगाराचा संबंध काय, हे सांगायचे राहिले. आमच्या दृष्टीने तो पहिला होता, ऐकवताना शेवटी आला.

दलदलीत जंगल साचत असताना एखादी नदी वाट बदलून मधूनच गेली, तर ती साचलेला थर खरवडून नेते आणि त्या जागी आपली रेती भरते. पुढे कोळसा झाला, रेतीचा खडक झाला. खाणीत कोळशाचा थर पाच माणसे उंच चालला आहे, चालला आहे, आणि एकदम पातळ होतो. वरून रेतीचा खडक खाली उतरलेला दिसतो. ती जुनी नदी. तिच्या कडेला मातीच्या खडकाचे पापुद्रे दाबाने घसरलेले, आरशासारखे गुळगुळीत असतात. एकमेकांना धरून राहत नाहीत. रेतीच्या खडकातून पाणी झिरपते. छत अशा ठिकाणी दगा देते. जुना खाणकामगार काठीने छत ठोकून पाहतो. ठणठणीत आवाज आला तर खाली थांबतो, भद्द आला तर मागे सरतो. पण पापुद्रा जाड असला तर काठी ते सांगत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका भूमिगत खाणीत, तिचे नाव आम्ही घेत नाही, रात्रपाळीला असे छत आले. एक माणूस जागीच गेला. तो इकडचाच, आरमोरीच्या बाजूचा. चार वर्षांपूर्वी वैनगंगा ओलांडून कामाला गेलेला. संघटनेतर्फे आम्ही पोचलो तेव्हा नेहमीप्रमाणे आधार लावले होते की नव्हते यावर वाद झाला, नुकसानभरपाईवर वाद झाला, आणि दोन्ही वाद आम्ही बऱ्यापैकी जिंकले. घरी परतताना आम्हांला समाधान वाटत होते, हे आज सांगायला लाज वाटते. सहा महिन्यांनी एका निवृत्त सर्वेक्षकाने आम्हांला जुना नकाशा उलगडून दाखवला. भोके पाडून तपासताना कोळसा कुठे किती जाड आहे याचे आकडे त्यावर होते. त्याने निळी पेन्सिल घेऊन पातळ आकडे एकमेकांना जोडले. वळणे घेत जाणारी एक नदी कागदावर उमटली, वायव्येच्या रोखाने. आणि तो माणूस जेथे गेला ती जागा त्या नदीच्या काठावर होती. आकडे वर्षानुवर्षे कपाटात होते. व्यवस्थापनाने ते कोळसा किती निघेल यासाठी पाहिले होते. आम्ही पाहिलेच नव्हते. मागणीपत्रकात आम्ही बूट मागितले, दिवे मागितले, भत्ता मागितला. नकाशा कधी मागितला नाही.

आम्ही पुस्तके धुंडाळू लागलो ती त्यानंतर.

कायद्याने खाणीत सुरक्षा समिती असते, कामगारांतून नेमलेला निरीक्षक असतो. पुढच्या वर्षांत जेथे जेथे आमचे लोक त्या समितीवर होते तेथे आम्ही एकच गोष्ट रेटून मागितली: नवीन भागात काम सुरू करण्यापूर्वी त्या भागाच्या कोळशाच्या जाडीचा नकाशा कामगारांना दाखवा, आणि जुनी नदी जेथे ओलांडायची तेथे आधार दुप्पट लावा. काही ठिकाणी हसले. एका अधिकाऱ्याने विचारले की तीस कोटी वर्षांपूर्वीची नदी तुमच्या कामगारांना समजणार कशी. आम्ही म्हटले, त्यांतले निम्मे लोक पावसाळ्यात डोंगा घेऊन वैनगंगा ओलांडणारे आहेत. धार कुठे, डोह कुठे, काठ कुठे ढासळतो, हे त्यांना तुमच्याहून जास्त समजते.

आणि तसेच झाले. नकाशा भिंतीवर लागला, निळी रेघ ओढली गेली, आणि पोरांनी तिला आपली भाषा दिली. पाळी बदलताना बाहेर येणारी तुकडी आत जाणाऱ्या तुकडीला सांगते: आज डाव्या अंगाला नदी लागली, काठ कच्चा आहे, बघून जा.